स्वल्पविराम श्वासासाठी नाही, अर्थासाठी

इंग्रजीत अर्ज किंवा ई-मेल लिहिताना आपण स्पेलिंग दोन-दोनदा तपासतो. स्वल्पविराम मात्र भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसे टाकतो. 'वाचताना जिथे थांबतो तिथे कॉमा' हा शाळेतला नियम डोक्यात पक्का बसलेला असतो ना!

त्यात नवल नाही. विरामचिन्हं मराठीतही पाहुणी म्हणूनच आली. मोडीतल्या जुन्या कागदांत ओळ सलग चालायची, शब्दही सुटे नसायचे. मराठीत ही चिन्हं रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. १८५० मध्ये त्यांनी यावर छोटंसं पुस्तकच काढलं होतं. पण इंग्रजीतला स्वल्पविराम श्वास घेण्यापुरता नसतो, तो अर्थ ठरवतो.

माझ्या इंदूरच्या आत्याचं उदाहरण सांगते. तिला धाकट्या मुलाकडे कॅनडाला जायचं होतं. व्हिसाच्या अर्जासोबतचं पत्र तिने स्वतः इंग्रजीत लिहिलं आणि मला वाचायला पाठवलं. त्यात एक वाक्य होतं, 'माय सन, हू लिव्ह्ज इन इंदोर, टेक्स केअर ऑफ मी.' स्पेलिंग अचूक, व्याकरणही ठीक. पण असे दोन स्वल्पविराम म्हणजे जणू कंस. मधला मजकूर उचलला तर उरतं, 'माझा मुलगा माझी काळजी घेतो.' म्हणजे मुलगा एकच! आणि पुढच्याच परिच्छेदात कॅनडातल्या मुलाचं निमंत्रण. वाचणाऱ्या अधिकाऱ्याने काय समजायचं?

मी फोनवर हे सांगितलं तर आत्या म्हणाली, "अगं बाई, दोन टिंबांनी मी माझ्या धाकट्याला पुसूनच टाकलं की!"

दोन्ही स्वल्पविराम काढले की अर्थ होतो, 'माझा इंदूरला राहणारा मुलगा', म्हणजे दुसराही असू शकतो. आत्याने मात्र त्याहून सोपा उपाय काढला. तिने 'माय एल्डर सन' लिहिलं. थोरला एकच असतो, त्यामुळे स्वल्पविराम जागेवर राहिले आणि दोन्ही मुलगेही!

हे फक्त घरगुती पत्रांपुरतं नाही बरं. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या गाड्या चालवणाऱ्यांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला होता. ओव्हरटाइम कोणत्या कामांना लागू नाही, याची कायद्यात यादी होती. तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते, आणि 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. मग वगळलेलं काम कोणतं? पाठवण्यासाठी किंवा वितरणासाठी माल बांधणं, की वितरणसुद्धा? चालक माल बांधत नव्हते, नुसता पोचवत होते. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ही संदिग्धता चालकांच्या बाजूने धरली, आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. एका न दिलेल्या स्वल्पविरामाने कष्टकऱ्यांना त्यांचे पैसे मिळवून दिले.

अपॉस्ट्रॉफीचंही तसंच. 'इट्स'मध्ये ती फक्त 'इट इज' किंवा 'इट हॅज' म्हणायचं असेल तेव्हाच येते. 'त्याचं' या अर्थी येत नाही. अनेकवचन करायलाही ती लागत नाही. म्हणून पाटीवरच्या 'पिझ्झाज'ला वर टिकली नको.

मग लक्षात काय ठेवायचं? नियमांची जाडजूड पुस्तकं नकोत. महत्त्वाचं पत्र पाठवण्याआधी स्वल्पविरामांमधला मजकूर बोटाने झाका आणि उरलेलं वाक्य वाचा. तुम्हाला म्हणायचंय तेच ते सांगतंय का? सांगत असेल तर खुशाल पाठवा. नसेल तर आधी स्वल्पविराम हलवा. समोरच्याच्या हातात आपला फक्त कागद असतो. 'मला तसं म्हणायचं नव्हतं हो' असं सांगायला आपण तिथे नसतो.