तुला काय करायचंय?

बारामती-इंदापूरकडच्या मायबहिणींनो, आणि त्यांच्या घरधन्यांनो, नीरा डाव्या कालव्याखाली आपला प्रपंच उसावर चालतो. जुलै-ऑगस्टात आडसाली लागण करायची, ती 16-18 महिन्यांनी तोडीला यायची. तोवर बेणं, खत, खुरपणी, बांधणी, पोरांच्या वह्या, पै-पाहुणा, सगळं उधारीवर नाहीतर सोसायटीच्या कर्जावर. दीड वर्ष सारं घर ज्या पैशाची वाट बघतं, तो आला किती आणि कापला किती, हे त्याच घरातल्या बाईला पुष्कळदा शेजारणीकडून कळतं.

"आवं, उसाचं बिल किती आलं?"

"तुला काय करायचंय?"

शिवी नाही, मारहाण नाही. माणूस चांगलाच असतो. रात्रीची वीज आली की थंडीत कुडकुडत पाण्यावर जातो. कर्जाचा घोर तिच्या डोक्याला कशाला, असंही त्याच्या मनात असतं. बाईला मात्र वेगळंच ऐकू येतं : राबायला तू घरची, हिशेबाला परकी. मग ती विचारायचं सोडते. भिशीचे पैसे डाळीच्या डब्यात जातात, माहेरचे त्याखाली. एकाच संसाराच्या दोन वह्या होतात, आणि दोन्ही झाकलेल्या.

आमच्या वस्तीवर चौथीतल्या एका पोराला आईनं विचारलं, "मार्क किती पडलं रं?" पोरगं म्हणालं, "तुला काय करायचंय?" आजी हसली, बाप हसला. आईला काही हसू आलं नाही. पोराचा तरी काय दोष? आईला असंच उत्तर द्यायचं असतं, हे ते रोज ऐकत होतं.

दुसऱ्या एका घरी कर्ता माणूस चाळिशीत अचानक गेला. दहावा झाला नाही तोच हातउसने दिलेले लोक ओट्यावर येऊन बसू लागले. कुणाचं खरं, कुणाचं खोटं, त्या बाईला काहीच सांगता येईना.

लेकींचंही तेच. बारामतीचेच शरद पवार मुख्यमंत्री असताना, 1994 साली महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला वाटा देणारा कायदा केला. 2005 साली तो हक्क देशभर झाला. पण जिच्यासमोर घरात कधी सातबारा वाचलाच नाही, ती वाटा मागणार कशाचा?

तुम्ही म्हणाल, सासू-सासऱ्यांदेखत नवरा-बायकोनं बोलायचं कधी? अडचण खरी आहे. वस्तीवरच्या जोडप्यांचं मोकळं बोलणं घरापेक्षा पाटाच्या कडेला जास्त होतं. तो दारं धरतो, ती बॅटरी दाखवते, आणि सरी भरेपर्यंत चार गोष्टी निघतात. तिथं तिसरं कुणी नसतं. ज्यांना घरात जमत नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी. पाण्याच्या पाळीला दोघांनी मिळून जावं.

आमच्याकडे आता बिल आलं की जेवणानंतर थोरली ते मोठ्यानं वाचते : टन किती, दर काय, सोसायटीची कपात किती, हातात किती. पहिल्या वर्षी घरात भांडणं वाढली, हेही सांगते. माझी भिशी बाहेर निघाली, यांची एक उसनवारी बाहेर निघाली. सासूबाईंनी नाक मुरडलं, "पोरांपुढं कसला हिशेब?" आता त्याच विचारतात, "माझ्या गोळ्यांचं लिवलंस का?" धाकटा सायकलीसाठी हटून बसला होता. कपातीचा आकडा ऐकून गप्प झाला आणि सकाळी म्हणाला, "फुडच्या बिलाला घेऊ."

सध्या वाद चाललाय तो बोअर आधी की थोरलीचं बारामतीचं कॉलेज आधी, याचा. हे बोअर म्हणतात, मी कॉलेज. थोरलीनं दोन्हींचा खर्च शेजारी शेजारी मांडलाय. दोन रात्री झाल्या, मिटलेलं नाही. आज सासूबाई बोलणार आहेत.