डबल
(द्वितीय वर्ष, कला)

दांडी म्हटले की सर्वांना १९३० चा मिठाचा सत्याग्रह आठवतो. ती दांडी गुजरातमधली, नवसारीजवळची. आमची दांडी पालघर जिल्ह्यातली, बोईसरच्या पश्चिमेला, समुद्राकाठची. म्हणजे आमच्या गावाचे नावसुद्धा डबल!

‘डबल’ हा शब्द इंग्रजी आहे, हे आमच्या गावात कुणाच्या ध्यानीमनीही नसते. शाळेची पायरी न चढलेली माझी आजी तो सहज वापरते. तारापूरच्या कारखान्यांत जाणारी मुले डबल ड्युटी करतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की मासळीचा भाव डबल होतो. २०२३ पर्यंत ‘फ्लाइंग राणी’ला डबल डेकर डबे होते, पालघरला गेलो की ती दुमजली गाडी पाहण्यासाठी आम्ही मुले हट्ट धरायचो. इतका हा शब्द आमचा. मला मात्र तो गेल्या दिवाळीनंतर टोचू लागला.

रविवारी मी बोईसरच्या बाजारात आईशेजारी मासळी विकायला बसते. आमची घरची बोली मांगेली. आईशी त्याच बोलीत बोलत होते, तेवढ्यात वर्गातल्या दोन मैत्रिणी समोर आल्या. अर्धे वाक्य तोंडात होते. उरलेले मी पुस्तकी मराठीत पुरे केले. तेही आईला उद्देशून! मैत्रिणींना काहीच कळले नाही. पण त्या गेल्यावर शेजारची मावशी हसत आईला म्हणाली, की तुझी पोरगी डबल ढोलकी झाली. आईने उत्तर दिले नाही. ती मासळीवर पाणी शिंपडत राहिली.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन मी इंग्रजीचा जाडजूड कोश काढला. ‘डबल’ इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमध्ये लॅटिन ‘डुप्लुस’पासून. त्यातला ‘डु’ म्हणजे दोन. संस्कृत ‘द्वि’ आणि आपला ‘दोन’ हे त्याचेच भाऊबंद. म्हणजे आजीच्या तोंडी बसलेला हा शब्द अगदीच परका नव्हता. दूरदेशी राहिलेला नातेवाईकच घरी आला होता. शंकेला इंग्रजीत ‘डाउट’ म्हणतात, तोही या दोनातूनच निघाला. मन दोन ठिकाणी असणे ही आपल्याकडची ‘द्विधा’.

पण मी थांबले ती पुढच्या अर्ध्या शब्दापाशी. ‘प्लुस’च्या मुळाशी अर्थ आहे घडी. त्याच कुळातला ग्रीक ‘डिप्लोमा’ म्हणजे मुळात दुमडलेला कागद. तेव्हा डबल म्हणजे दोन निरनिराळ्या वस्तू नव्हेत. एकच वस्तू, घडी घातलेली. लुगड्याची घडी घातली म्हणून लुगडी दोन होत नाहीत.

त्यानंतरच्या सकाळी आईबरोबर बोंबील सुकत घालत होते. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी वलांडीच्या बांबूवर टाकायची. एक अलीकडे, एक पलीकडे. एकटा बोंबील बांबूवर राहत नाही, घसरून वाळूत पडतो. लहानपणापासून हजारो जोड्या टाकल्या असतील, पण त्या दिवशी हात थबकला.

दोन भाषा बोलणे हा माझा दोष नव्हता. कॉलेजात प्रमाण मराठी बोलते, घरी मांगेली बोलते, दोन्हींत मीच असते. पण बाजारात मी घडी घातली नव्हती, कापड फाडले होते. मैत्रिणींसमोर मी भाषा बदलली नाही, आई बदलू पाहत होते. मावशीचा टोमणा त्या दिवसापुरता खरा होता, हे कबूल केले पाहिजे.

आईने विचारले, की हात का थांबला? मी तिला त्या शब्दाची सारी हकिगत सांगितली, आमच्याच बोलीत. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच सगळे तीत बसले, कुठे अडले नाही. आईने ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, की पुढच्या रविवारी त्या पोरी आल्या तर त्यांना बसायला पाट दे, उभ्या ठेवू नकोस.