भट्टीची सवय

यंदा बुद्धपौर्णिमेच्या मिरवणुकीवरून आमच्या घरात जुंपली. बाबांचे वय ७४. गेल्या वर्षी सकाळी निघालेली मिरवणूक रेंगाळत रेंगाळत चौकात आली तेव्हा बारा वाजले होते. नागपूरचे वैशाखातले ऊन! पंचशील ध्वज धरून चालणारे बाबा मटकन खाली बसले. अंग भाजत होते आणि बोलणे असंबद्ध. वस्तीतल्या पोरांनी सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतले, तडक दवाखाना गाठला, म्हणून निभावले. तरी यंदा पांढरा सदरा घालून पुन्हा तयार.

"मले उनाचं नोको सांगू. तीस वर्सं भट्टीपुढं काढली म्या."

बाबांचे म्हणणे अगदीच खोटे नाही, हे मला मुलीच्या बी.एस्सी.च्या पुस्तकातून कळले. १९६२ साली इटलीतले शास्त्रज्ञ फेरुच्चिओ रितोसा फळमाशीच्या पेशी तपासत होते. कुणीतरी चुकून उबवणीच्या पेटीचे तापमान वाढवले आणि गुणसूत्रांवर नव्याच जागी फुगवटे दिसले. उष्णतेने काही जनुके एकदम कामाला लागली होती. त्यांच्यापासून बनणारी प्रथिने १९७४ मध्ये सापडली. त्यांना हीट शॉक प्रोटीन म्हणतात.

शरीरातली बहुतेक प्रथिने ठरावीक घडीत असतात. फार तापले की घडी उलगडते आणि प्रथिने एकमेकांना चिकटून गोळे होतात. अंडे उकडल्यावर आतले पाणचट पांढरे घट्ट होते, ते असेच. हीट शॉक प्रोटीन त्या उलगडलेल्यांना धरतात, पुन्हा घडी घालायला मदत करतात आणि न सुधारणारे मोडीत काढायला लावतात. थोडा ताप सोसलेली पेशी पुढचा मोठा ताप सोसते, त्यात यांचा मोठा वाटा असतो.

म्हणजे बाबांची सवय खरीच होती. पण ती बँकेतली ठेव नव्हे. भट्टी सुटली की उन्हाची सवय काही आठवड्यांत ओसरते. त्यात वय झाले की पेशी ही प्रथिने पूर्वीच्या तत्परतेने बनवत नाहीत. घाम कमी येतो, तहानही उशिरा कळते.

फाउंड्रीत भट्टीचे काम आमच्याच लोकांच्या वाट्याला का, असे विचारले की मुकादम म्हणायचा, "तुमचं अंगच तसलं." आणि स्वतः पंख्याखाली बसायचा. पुस्तकात तर लिहिले आहे की ही प्रथिने जंतूपासून माणसापर्यंत सगळ्यांत असतात आणि त्यांची घडणही बरीचशी सारखीच.

नातीने हे सगळे आजोबांना समजावले. ते म्हणाले, "म्हंजे मुकादमाच्याही अंगात होती?"

"हो, आजोबा."

"अन् आता त्याचीही म्हातारी झाली असतील?"

"झाली असतील."

बाबा बराच वेळ हसत होते.

मिरवणुकीच्या दिवशी ते विहारासमोरच्या मांडवात डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत राहिले. ध्वज नातीच्या हाती दिला होता. तो जरा कलला की मांडवातून त्यांची हाक यायची, "सरळ धर, पोरी!"