बदलीचे शास्त्र

महसूल खात्याच्या चाकरीत माझी उमेद नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या तहसिलींत खर्ची पडली, आणि निवृत्तीनंतर नांदेडास बिऱ्हाड स्थिरावले तरी पुतण्याची आडत लातुरास असल्यामुळे लोहा-अहमदपूरची वाट काही सुटली नाही. तुरीचा हंगाम ऐन भरात असता, त्याच्या आडतीवरील ज्या चिमुकल्या संगणकाला काटा जोडलेला होता आणि ज्यातून शेतकऱ्याची हिशोबपट्टी निघत असे, तो एके दिवशी असा हटून बसला की जुन्या पट्ट्या बिनतक्रार दाखवी, परंतु नवी एकही दाखल करून घेईना. "काका, दरसाल एक कार्ड खातंय हे," पुतण्या वैतागून म्हणाला. संगणकाचे सारे दप्तर एका मेमरी कार्डात होते. ते खिशात घालून मी नांदेडास परतलो आणि वजिराबादेतील एका तरुण कारागिराच्या हाती दिले.

"साहेब, अख्खं कार्ड गेलेलं नाही," तपासून तो म्हणाला, "ठरावीक जागा झिजल्यात. बाकीच्या अजून कोऱ्या करकरीत असतील."

त्याने फुरसतीने समजावून दिले ते असे. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडलेल्या या फ्लॅश स्मृतीत प्रत्येक अक्षर म्हणजे सूक्ष्म कप्प्यात कोंडलेला विद्युत्भार होय. तो भार आत घालताना व बाहेर काढताना ज्या अतितलम विद्युतरोधक थरातून इलेक्ट्रॉन ओढले जातात, तो थर दर खेपेस किंचित जीर्ण होतो. एका कप्प्यात एकच बिट ठेवणारी जुनी, महागडी जात अशा सुमारे १,००,००० खेपा सोसते. तीन बिट दाटून बसवणारी आजची स्वस्त जात एक ते तीन हजारांतच थकते. त्यातून लिहिलेल्यावर पुन्हा लिहिण्याची येथे सोयच नाही: लिहावयाचे एकेका पानावर, पुसावयाचा मात्र शेकडो पानांचा संपूर्ण ब्लॉक, त्यामुळे चार ओळींच्या पट्टीसाठीदेखील कधीकधी मोठ्या मजकुराचे स्थलांतर घडते.

यावर तोडगा म्हणून कार्डातील नियंत्रक प्रत्येक नवा मजकूर कमी झिजलेल्या मोकळ्या ब्लॉककडे धाडतो आणि 'अमुक मजकूर तमुक ठिकाणी' अशी नोंद आपल्या तक्त्यात फिरवीत राहतो. संगणकाला पत्ता जुनाच दिसतो. हीच वेअर लेव्हलिंगची, म्हणजे झिजेच्या समान वाटणीची, पहिली पायरी. परंतु आमच्या कार्डात संगणकाची मूळ प्रणाली आणि कित्येक हंगामांचे हिशोब अढळपणे बसून होते. काही स्वस्त कार्डांतील नियंत्रक अशा स्थिर मजकुराला हात लावीत नाहीत, आणि मग उरलेल्या थोड्या मोकळ्या जागेवरच नित्याचा सारा भार कोसळतो. उत्तम नियंत्रक मात्र त्या निवांत मजकुरालाही उठवून झिजलेल्या ब्लॉकमध्ये नेऊन बसवतो आणि त्याखालची ताजी जागा कामास जुंपतो.

हे ऐकताच मला आमची कचेरी आठवली. कामसू कारकुनाच्या मेजावर संचिकांचा ढीग, आणि वशिल्याने सुखाच्या टेबलावर बसलेल्याची बदली वर्षानुवर्षे नाही! नव्या कामाची वाटणी कितीही इमानाने केली, तरी जो जागचा हलतच नाही त्याला हलवल्यावाचून ती वाटणी पुरी न्याय्य होत नाही, हे चाकरीत अनेकदा मनात येऊनही ज्याला शब्द सापडले नव्हते असे सत्य त्या नखाएवढ्या कार्डाने मला निःसंदिग्धपणे सांगितले.

कारागिराच्या सल्ल्याने दीर्घायुषी जातीचे, चौपट क्षमतेचे कार्ड घेतले. लेखन तेवढेच आणि जागा चौपट, म्हणून समतोल नीट राहिल्यास प्रत्येक कप्प्याच्या वाट्याला सुमारे चतुर्थांश झीज येते. संगणकाच्या क्षणोक्षणीच्या किरकोळ नोंदी, ज्या वीज जाताच पुसल्या गेल्या तरी कोणाचे नुकसान नाही, त्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवण्याची तजवीज झाली. शेतकऱ्याची पट्टी मात्र तत्क्षणी कार्डावर उतरलीच पाहिजे, असा माझा आग्रह राहिला. कार्डाचे आयुष्य वाढावे म्हणून कोणाच्या घामाचा हिशोब अधांतरी ठेवणे मला मंजूर नव्हते.

तथापि या समन्यायाची एक दुसरी बाजूही त्या तरुणाने निघताना माझ्या ध्यानी आणून दिली. भार समान वाटला की सारे ब्लॉक एकाच वयाचे होतात आणि मग एकेक न गळता बहुतेक एकदमच थकू लागतात. झिजलेल्या कप्प्यांतील विद्युत्भारही लवकर गळतो, आणि आमच्या मराठवाड्याचा उन्हाळा त्यास हातभारच लावतो. तेव्हा झिजेची वाटणी मृत्यू पुढे ढकलते, टाळीत नाही. म्हणून पुतण्यास मी सक्त ताकीद दिली आहे की, दररोज सौदे आटोपले की दिवसभराच्या पट्ट्यांची नक्कल वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवल्याखेरीज आडतीला कुलूप घालायचे नाही.