बादबान

२०१९ च्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. जळगावात उन्हाळ्यात शाळा सकाळची असते, तरी दहा वाजले की वर्गावरचे पत्रे तडतडू लागतात. आठवीला उर्दूचा तास होता. धड्यात 'बादबान' हा शब्द आला. मुलांना तो कळेना. मी फळ्यावर होडी काढली, तिच्यावर एक काठी, काठीला एक त्रिकोण काढला आणि सांगितले, "ये बादबान. इसमें हवा भरती है, तो कश्ती चलती है."

मागच्या बाकावरून एक हात वर आला. "मॅडम, हवा बंद हो गई तो?"

वर्ग हसला. मीही हसले. पण मला उत्तर येत नव्हते. वयाची एकतीस वर्षे झाली होती आणि समुद्र मी फक्त मुंबईच्या कठड्यावर उभी राहून पाहिला होता. "बाद में बताती हूं," म्हणून मी पुढचा शब्द घेतला. शिक्षकांचे 'बाद में' काय असते ते मुलांना चांगले ठाऊक असते.

मी मूळची धुळ्याची. अब्बांची उमर पॉवरलूमच्या खडखडाटात गेली. ते म्हणायचे, "माझ्या कानांचं जे झालं ते झालं, तू शिक." मी शिकले. मुंबईत राहून बी.एड. केले आणि जळगावच्या एका विनाअनुदानित उर्दू शाळेत लागले. 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' हा शब्द सरकारने २००९ साली काढून टाकला. २०१६ साली काही शाळांना वीस टक्के अनुदान मिळाले. त्या काही शाळांत आमची नव्हती. संस्था देईल तेवढे मानधन, तेही देईल तेव्हा. सात वर्षे अशी गेली. त्या एप्रिलमध्ये मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. तारखेची जागा तेवढी कोरी होती.

बी.एड.च्या वसतिगृहातली माझी एक मैत्रीण रायगड जिल्ह्यातल्या राजपुरीची. मुरूडच्या पुढे, जंजिरा किल्ल्यासमोरचे हे गाव. तिचे वडील शिडाची होडी चालवतात. दरवर्षी ती बोलवायची, दरवर्षी मी 'पुढच्या वर्षी' म्हणायची. त्या वर्षी धाकट्या भावाला घेऊन निघाले. रेल्वेने कल्याण, मग एस.टी.च्या गाड्या बदलत मुरूड. तीन मेला संध्याकाळी पोचलो.

आम्ही खानदेशची माणसे. ऊन आम्हाला नवे नाही. भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तरी आम्ही लग्नाच्या वराती काढतो. राजपुरीला पारा पस्तिशीच्या आतच होता, आणि पहिल्याच दिवशी मी गळून गेले. आमचे ऊन कोरडे. कूलरमध्ये पाणी घातले की वाळ्याच्या वासाचा गारवा येतो. इथे हवाच पाण्याने भरलेली. घाम येतो आणि वाळत नाही. कूलरचा काही उपयोग नाही. मैत्रिणीची अम्मी म्हणाली, "घरात बसून उकडतंय, तर होडीवर जा. तिथे निदान वारा तरी लागेल."

अशी मी होडीवर गेले. एक दिवसासाठी गेले आणि पाच दिवस जात राहिले.

होडीवरचा दिवस फजरच्या नमाजनंतर सुरू होतो. मैत्रिणीचे वडील, ज्यांना सगळी राजपुरी चाचा म्हणते, आधी तळाशी साठलेले पाणी डब्याने उपसून काढत. लाकडाची होडी रात्रीतून थोडे पाणी घेतेच. मग ते दोरांवरून हात फिरवत. कुठे धागे सुटले असतील तर तिथेच बसून पीळ घालत. दोन खलाशी शीड खाली पसरून उसवलेले ठिगळ दाभणाने शिवत. मी कापड हातात घेऊन पाहिले. लूमवाल्याची मुलगी असल्यामुळे आधी उभा-आडवा धागाच पाहिला. जाड, घट्ट विणीचे कापड. पण उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने घडीवर विरलेले. अब्बांना दाखवावे असे वाटले.

मधल्या फळीखाली पिण्याच्या पाण्याचा एक कॅन असे. दिवसाचे पाणी तेवढेच. सभोवार समुद्र, आणि चाचा त्या कॅनमधून पेला अर्धाच भरत. मला आमचा मोहल्ला आठवला. नळाला आठवड्याने पाणी येते तेव्हा अम्मीही असाच अर्धा पेला भरते. पाण्याची किंमत समजायला वाळवंटच लागते असे नाही.

साडेआठ-नऊला पर्यटक येऊ लागत. मे महिना म्हणजे हंगामाचा शेवट. पावसाळ्यात किल्ल्याकडे होड्या जात नाहीत. त्या काठावर ओढून झाकून ठेवतात. म्हणून मेमध्ये एकही फेरी सोडायची नाही. पाळी आली की वीस-पंचवीस माणसे होडीत बसवायची, बायका-मुले मधे, जाडजूड माणसे दोन्ही बाजूंना सारखी. डोलकाठीला तिरका बांधलेला लांब वासा वर चढवायचा. शीड फडफडते, मग एकदम पोट फुगवते, आणि होडी एका अंगावर किंचित झुकते. बायका ओरडतात. मीही पहिल्या दिवशी ओरडले.

किल्ल्याचा मोठा दरवाजा राजपुरीच्याच दिशेला आहे, पण अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. दरवाजापाशी लाटा होडीला वर-खाली करतात. खलाशी एकेकाचा हात धरून लाट वर आली की पायरीवर उतरवतात. म्हाताऱ्यांना तर उचलूनच घेतात. माणसे पाऊण तास किल्ला पाहतात. तेवढा वेळ होडी तटाच्या सावलीत थांबते. उतरवलेले शीड वाशावर टाकून त्याचा तंबू करायचा आणि खाली आडवे व्हायचे, हीच खलाशांची विश्रांती.

त्या तंबूखाली मी चाचांना 'बादबान' म्हणजे काय ते सांगितले. फारसीत बाद म्हणजे वारा आणि बान म्हणजे राखणारा. बागबान, दरबान तसा बादबान. शीड म्हणजे वाऱ्याचा राखणदार. चाचा म्हणाले, "आम्ही तर शीडच म्हणतो. पण नाव चांगलं आहे." मग मला नाद लागला. बंदर फारसी. खलाशी अरबी. कोळी बांधव ज्याला नाखवा म्हणतात तो आपल्या उर्दूतला नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. आणि जंजिरा म्हणजे जज़ीरा, बेट. मी वर्गात जे शब्द पुस्तकातून शिकवत होते, ते इथे भिजलेल्या दोरासारखे हातात येत होते. ते मराठीच झाले होते; कुणी त्यांना कुठले म्हणून विचारत नव्हते.

माणसांना मात्र विचारतात. एका फेरीत एक गृहस्थ चाचांना म्हणाले, "तुम्ही मराठी छान बोलता हो!" ते मनापासून कौतुक करत होते. चाचांनी सुकाणूवरची नजर न काढता विचारले, "मग काय बोलू?" गृहस्थ ओशाळले. मला हसू आले आणि थोडे भरूनही आले. हे वाक्य मी जळगावात कितीदा ऐकले आहे, आणि मला इतके साधे उत्तर कधी सुचले नव्हते.

चाचांना मी आमच्या तापीची गोष्ट सांगितली. तापी आमच्या खानदेशातून वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. मुघल काळात हाजींची जहाजे सुरतेहून निघत. म्हणून त्या बंदराला बाबुल मक्का, मक्केचा दरवाजा म्हणत. बुऱ्हाणपूरकडचे लोक आमच्याच भागातून, नंदुरबारवरून सुरतेला जात. आणि औरंगजेबाच्या काळात त्या जहाजांची राखण करण्याचे काम होते जंजिऱ्याच्या सिद्दींकडे. चाचा उठून बसले. "म्हणजे तुमची माणसं आमच्या माणसांच्या भरवशावर हजला गेली तर!" त्या दिवसापासून खलाशी मला खानदेशची पाहुणी न म्हणता तापीवाली म्हणू लागले.

सात मेला पहिला रोजा झाला. मला वाटले, रमजानमध्ये होडी बंद राहील. छे! सहरी करून माणसे नेहमीसारखी बंदरावर. डोक्याला ओला पंचा, ओठ कोरडे, आणि समोर पर्यटक थंड बाटल्या तोंडाला लावलेले. एका लहान मुलीने चाचांपुढे बाटली धरली. "आजोबा, पाणी घ्या ना." चाचा म्हणाले, "बेटा, रोजा आहे माझा. संध्याकाळी पिईन." त्यानंतर ती मुलगी पूर्ण फेरीत स्वतःही पाणी प्यायली नाही. आईने दोनदा विचारले, तिने मान हलवली. चाचा मला हळूच म्हणाले, "हिचा अर्धा रोजा झाला."

दुसऱ्या रोज्याला ते घडले, ज्यासाठी मी ही सगळी गोष्ट सांगते आहे.

भूगोलात आम्ही शिकवतो, नसीम-ए-बर्री आणि नसीम-ए-बहरी. मराठीत मतलई वारे आणि खारे वारे. रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतो. पुस्तकात दोन बाण काढले की काम भागते. पण एक वारा संपून दुसरा सुरू होईपर्यंत मधे काय होते, हे पुस्तकात नाही. मधे काहीच होत नाही. सकाळी साडेनऊच्या सुमारास आम्ही अर्ध्या वाटेवर होतो आणि वारा पडला. शीड ओल्या चादरीसारखे लोंबू लागले. समुद्र तेलासारखा झाला. ऊन वरून आणि पाण्यातून, दोन्हीकडून. लहान मुले रडू लागली. कुणी म्हणाले, "इंजिन का नाही बसवत?" कुणी पैसे परत मागितले.

चाचांनी खलाशांना नुसती खूण केली. त्यांनी वल्ही काढली आणि मारू लागले. बावीस माणसांची होडी, दोन वल्ही, रोजा. दहा मिनिटे झाली. किल्ला होता तिथेच. मी चाचांजवळ सरकून विचारले, "चाचा, होडी तर पुढे जातच नाही. मग वल्ही कशाला मारायची?"

"पुढे जायला नाही मारत," ते म्हणाले. "आता ओहोटी आहे. खाडीचं पाणी बाहेर चाललंय. वल्ही थांबवली तर ते आपल्याला घेऊन जाईल. आहे तिथं राहायला वल्ही मारायची."

"आणि शीड? ते उतरवत का नाही?"

"वारा आल्यावर चढवायला गेलो तर तो येऊन निघून जाईल. शीड वरच पाहिजे."

अर्ध्या तासाने कानाच्या पाळीला काहीतरी लागले. मग शिडाची कड हलली. वल्ही आत आली. एका खलाशाचे तळहात सोलवटले होते. त्याने ते खाऱ्या पाण्यात बुडवले, दात दाबले आणि मग दोर धरला. कुणी काही बोलले नाही. पैसे परत मागणारे गृहस्थ उतरताना खलाशाच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

त्या संध्याकाळी इफ्तारला खजूर तोंडात घालताना मला मागच्या बाकावरचा तो हात आठवला. उत्तर मिळाले होते. शाळा उघडली की पहिल्याच दिवशी सांगायचे, असे ठरवले. राजीनामा पर्समध्येच राहिला. मी तो फाडला नाही, त्यावर तारीखही घातली नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. तो मुलगा नव्हता. आठ दिवस वाट पाहून मी त्याच्या घरी गेले. एक खोली, बाहेर हातगाडी उलटी करून ठेवलेली. त्याची अम्मी म्हणाली, "मॅडम, वो तो सूरत चला गया. मामू के साथ. साडी की दुकान में घडी मारता है." तापीच्या वाटेने आमचे लोक अजूनही सुरतेलाच जातात, आता पोटासाठी जातात.

मी त्याच्या मामूचा नंबर घेतला. पहिले पाच-सहा फोन कुणी उचलले नाहीत. मग उचलले. दर पंधरा दिवसांनी मी फोन करू लागले. "पुस्तकं पाठवू का?" "नको." "पाठवू का?" "भेजो." दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म असतो, शाळा सुटलेल्या मुलाला तो भरून बाहेरून परीक्षेला बसता येते. तो भरून घ्यायलाच दोन वर्षे लागली. मधे कोरोना आला, दुकान बंद पडले, पुन्हा सुरू झाले. २०२२ साली तो परीक्षेला बसला आणि पास झाला. टक्के फार नाहीत. तो अजून सुरतेलाच आहे. पण आता घडी मारत नाही, दुकानाचा हिशेब लिहितो.

निकालाच्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, "तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे राहिलंय. हवा बंद हो गई तो?" आणि त्याला चाचांची सगळी गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली. मग संकोचून म्हणाला, "मॅडम, मैंने पूछा था क्या ऐसा?"

त्याला आठवतच नव्हते.

आमच्या तुकडीला नंतर वीस टक्के अनुदान सुरू झाले. पूर्ण पगार अजूनही नाही. अब्बा विचारतात, किती मिळतो, आणि मी थोडा वाढवून सांगते. दरवर्षी एप्रिलच्या उन्हात, पत्रे तडतडत असताना, मी फळ्यावर ती होडी काढते. आता तिला दोन वल्हीही काढते. कुणी विचारो न विचारो, हवा बंद झाली तर काय करायचे ते सांगते, आणि मग पुढचा शब्द घेते.