ओझरच्या द्राक्षमळ्यांत

नाशिकहून आग्रा रस्त्याने ओझरकडे निघालेल्या प्रवाशाच्या मागे पंचवटीचे घाट, मठ आणि धर्मशाळा जसजशा पडत जातात, तसतशी आडगावापुढच्या जमिनीवर द्राक्षमांडवांची दाटी वाढत जाते. आणि वनवासातील सीतारामांच्या पाऊलखुणा जेथे पदोपदी दाखविल्या जातात, मोगलांच्या अंमलात जो कसबा गुलशनाबाद म्हणून ओळखला जाई, त्या क्षेत्राची आजची कीर्ती ज्या फळावर उभी आहे त्याचा येथील स्थलपुराणाशी काडीइतकाही संबंध नाही, हे ध्यानी येऊन मोठी मौज वाटते.

द्राक्षवेल ही मूळची परमुलखाची रहिवासी. कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस, जॉर्जियात, सुमारे 8000 वर्षांपूर्वीच्या मृद्भांडांत द्राक्षमद्याचे अंश सापडले आहेत. आणि ही वेल पुढे ज्या ज्या देशी गेली, तेथील लोकांनी तिच्याभोवती आपापली कथा गुंफली. यहुद्यांच्या धर्मग्रंथात महापूर ओसरल्यावर नोहा द्राक्षांचा मळा लावतो. ग्रीकांचा मद्यदेव डायोनायसस तर थेट हिंदुस्थानापर्यंत दिग्विजय करून आला, अशी त्यांची श्रद्धा होती. मला स्वतःला इराणी कथा अधिक आवडते. जमशीद बादशहाच्या रांजणातील द्राक्षे आंबली, तो रस विष समजून बाजूला ठेवला गेला, आणि शिरोवेदनेने जिवावर उदार झालेल्या राणीवशातील एका स्त्रीने तो प्राशन केला, तो मरणाऐवजी तिला गाढ निद्रा लागून व्याधीच पळाली!

आपल्याकडे या फळाचे कौतुक औषध म्हणून अधिक झाले. चरकसंहितेने फळांमध्ये मृद्वीकेला, म्हणजे द्राक्षाला, अग्रस्थान दिले, तहान, दाह, ज्वर आणि रक्तपित्त यांवर ती गुणकारी मानली, आणि श्रमहर द्रव्यांतही तिची गणना केली. आधुनिक आहारशास्त्राचा सूर याहून संयत आहे. मण्यांत पाणी पुष्कळ, पोटॅशियम बऱ्यापैकी, साली-बियांत पॉलिफिनॉल द्रव्ये, हे सारे खरे; परंतु 100 ग्रॅम फळात साखर 16 ग्रॅमच्या आसपास भरते, तेव्हा मधुमेह्याने चरकाचा दाखला देऊन पाटीभर द्राक्षे फस्त करू नयेत.

महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीस हलविली, त्या सुमारास ही वेल दख्खनेत आली असे सांगतात. आणि त्याच देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस, द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा पिकतात, अशी नोंद इब्न बतूताने केलेली आहे. त्या नोंदीची आठवण मला ओझरच्या एका मांडवाखाली झाली. याच गावी 1925 साली रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी द्राक्षाची लागवड करून या जिल्ह्याच्या बागाईतीला नवे वळण लावले. "थंड मुलखात वेल पानं झाडून झोपते, दादा," मळ्याचे वृद्ध मालक म्हणाले, "आपल्याकडं तिला झोपच न्हाई. मग कात्रीच चालवायची."

एप्रिलात खरड छाटणी करावयाची, तीतून येणाऱ्या काडीच्या डोळ्यांत भावी घडाचे बीज धरले जाते. ऑक्टोबरात फळछाटणी करावयाची, म्हणजे माघ-फाल्गुनात घड हाती येतो. बतूताच्या नोंदीत वर्षाकाठी दोन बहर आहेत. येथे दोन छाटण्यांवर एकच बहर घेतात, आणि हिमाळ्या देशात जे काम हिवाळा फुकट करतो ते येथे माणसाच्या मनगटाला करावे लागते. त्यात फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला, की केवडा रोग पडलाच. त्यावरचे मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण हेही फ्रान्सचे. तेथील बोर्दो प्रांतात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना भिवविण्यासाठी ते शिंपडीत, आणि त्याच वेली रोगातून वाचलेल्या पाहून मिलार्दे या शास्त्रज्ञाने 1885 साली त्याचा गुण जगापुढे मांडला. पुढे मण्यांत पाणी उतरते, साखर भरू लागते, आणि नेमक्या त्याच वेळी आभाळ भरून आले तर मणी तडकून वर्षाची मेहनत मातीमोल होते. गारपिटीपुढे तर कात्री, मोरचूद आणि कर्ज यांपैकी कशाचेच काही चालत नाही. नाशिकच्या द्राक्षाच्या गोडीचे श्रेय गोदामाईचे पाणी आणि येथली थंडी यांना देण्याची रीत आहे. मला त्यात बागाईतदाराचा वाटा मोठा दिसतो.

तेव्हा नाशिकला जाणाऱ्यांनी रामकुंडावरचे स्नान उरकून ओझर-पिंपळगावची वाट जरूर धरावी, फाल्गुनातच धरावी, आणि मळ्यावर भावाची घासाघीस करण्यापूर्वी यंदा पाऊस केव्हा पडला, एवढे मालकाला अवश्य विचारावे.