डिलीटच्या शेजारचं बटण

माझा जुना लॅपटॉप आईला द्यायचा ठरला, तेव्हा मी त्यावर लिनक्स टाकलं. मशीन हलकं चालावं म्हणून डेस्कटॉप एक्सएफसीई घेतला आणि लिहायला एक साधा टेक्स्ट एडिटर लावून दिला. आजीच्या वहीतल्या जात्यावरच्या ओव्या आईला टाइप करून ठेवायच्या होत्या. तिला सोपं पडावं म्हणून पॉवर मॅनेजरमध्ये जाऊन मी पॉवर बटणाला ‘शटडाउन’ लावलं. एकदा दाबलं की बंद.

या लॅपटॉपचं पॉवर बटण कीबोर्डमध्येच आहे, उजव्या कोपऱ्यात, डिलीटला लागून. रोज वापरूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण मी डिलीट क्वचितच दाबते. आई मात्र चुकलेलं अक्षर डिलीटनेच खोडते. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, “अगं, मधेच बंद पडला.” मी म्हणाले, “दाबताना बघत जा ना.” माझी पहिली चूक ते सेटिंग नव्हे, हे वाक्य होतं.

पुढच्या रविवारी घरी गेले आणि दुरुस्तीला बसले. आई चहा ठेवायला उठली होती. मी टर्मिनल उघडलं, लॉगइनडी या सिस्टिम सेवेच्या कॉन्फिग फाइलमध्ये पॉवर बटणासाठीची ‘हँडलपॉवरकी’ची ओळ शोधली, तिच्यापुढे ‘इग्नोर’ लिहिलं आणि फाइल जतन केली. काहीच बदललं नाही. ओळीच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह तसंच राहिलं होतं, म्हणजे सिस्टिमच्या लेखी ती ओळ नव्हतीच. चिन्ह काढलं आणि बदल लगेच लागू व्हावा म्हणून लॉगइनडी सेवा रीस्टार्ट केली. स्क्रीन काळा झाला आणि लॉगिनचा पडदा समोर आला.

लॉगइनडी चालू सत्रांचा हिशेब ठेवते. ती अशी मधेच रीस्टार्ट केली तर उघडं सत्र कोसळू शकतं, हे मी पूर्वी वाचलेलं होतं. मशीन रीबूट करायला दोन मिनिटं लागली असती. त्याहून वाईट म्हणजे खाली एडिटर उघडा होता आणि त्यात आईचं सकाळपासूनचं काम होतं, जतन न केलेलं. मी तिला विचारलं नव्हतं. अकरा ओव्या गेल्या.

एवढं होऊनही बटण दाबलं की लॅपटॉप बंदच होत होता. मग लॉगइनडीला कोण अडवतंय हे दाखवणारी ‘सिस्टिमडी-इनहिबिट’ची यादी काढली, तेव्हा उलगडा झाला. एक्सएफसीईचा पॉवर मॅनेजर सत्र सुरू होताच पॉवर बटण स्वतःच्या ताब्यात घेतो. तोवर लॉगइनडीच्या फाइलमध्ये काहीही लिहा, ते लागू होत नाही. दुरुस्ती मी जिथे शटडाउन लावलं होतं, तिथेच करायची होती. मी तिथे ‘काही करू नये’ निवडलं आणि परत आले.

महिन्याभराने लॅपटॉपचं जर्नल, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, पाहिलं. बंद होताना सेवा एकेक करून थांबल्याच्या ओळी शेवटी दिसायला हव्यात. इथे प्रत्येक दिवसाची नोंद मधेच तुटलेली होती. आईला विचारलं. ती म्हणाली, “बटण दाबून काही होईना, म्हणून धरून ठेवते. मग जातो.” बटण चारेक सेकंद धरलं की हार्डवेअरच वीज तोडतं, त्याला लिनक्स काहीही करू शकत नाही. नुकतं जतन केलेलं अर्धा मिनिटभर मेमरीतच असू शकतं, डिस्कवर गेलेलं नसतं. महिनाभर ती रोज रात्री असा लॅपटॉप बंद करत होती, कारण बटण मुकं करताना बंद कुठून करायचं हे मी तिला दाखवलंच नव्हतं. फाइली शाबूत होत्या, पण त्यात माझं श्रेय काही नाही.

आता पॉवर मॅनेजरमध्ये ‘विचारावे’ आहे. बटण दाबलं की खिडकी येते, चुकून दाबलं असेल तर आई एस्केप दाबते आणि पुढे लिहू लागते. लॉगइनडीची ती ओळ मी पूर्ववत केली. लॉगिनच्या पडद्यावर पॉवर मॅनेजर नसतो, तिथे तीच चालते, आणि तिथे बटण दाबून बंद झालं तर काही बिघडत नाही.

गेलेल्या अकरांपैकी नऊ ओव्या वहीत होत्या, त्या आईने पुन्हा टाइप केल्या. दोन तिला लिहितालिहिता आठवलेल्या होत्या. एक दिवाळीत पणत्या लावताना परत आठवली. दुसरीची पहिली ओळ फाइलमध्ये आहे, खाली जागा सोडलेली आहे.